संस्थानचा छापील अहवाल आणि मोडी जमाखर्च जुळत नाहीत. विश्वास कशावर ठेवावा?

नौपाडेकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. आमची नौपाड्यातील जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन वस्तू निघाल्या. पहिली म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातील एका लहान संस्थानाचा १९१८-१९ या वर्षाचा इंग्रजीत छापलेला राज्यकारभाराचा वार्षिक अहवाल, आणि दुसरी म्हणजे त्याच संस्थानच्या दप्तरातील मोडी जमाखर्चाचे एक बाड, ज्याच्या पहिल्या पानावर ‘फसली १३२८’ असे साल घातलेले आहे. माझे पणजोबा तेथे दप्तरदारांच्या हाताखाली कारकून होते, त्यामुळे हे कागद घरी कसे आले याचा अंदाज बांधता येतो. ते परत का गेले नाहीत, हे विचारायला आता कोणी उरलेले नाही. संस्थानचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तेथील इनामाच्या तुकड्यावरून आमची भाऊबंदकी अद्याप कोर्टात आहे.

मोडी मी निवृत्तीनंतर शिकलो, त्यामुळे वाचन अडखळत चालते. तरीही गेल्या चार महिन्यांत बाडाचा बराचसा भाग लावला आहे. दोन्ही कागद एकाच वर्षाचे आहेत असे धरून आकडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा मात्र गोंधळ उडाला. जमीनमहसुलाची वसुली छापील अहवालात बाडापेक्षा बरीच जास्त दिसते, आणि एकूण जमेचा आकडा उलट बाडात इतका फुगलेला आहे की अहवालातील ‘उत्पन्न’ त्याच्या निम्मेही भरत नाही. पणजोबांच्या बेरजा मी तीनदा तपासल्या. त्यांत पैचीही चूक नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची नाही. अहवालात महायुद्धातील विजयाच्या समारंभाला जवळजवळ दोन पाने दिली आहेत (रोषणाई, शाळकरी मुलांना मिठाई, देवळांतून प्रार्थना), पण त्याच हिवाळ्याच्या तोंडावर आलेल्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीला दीड ओळ मिळाली आहे. बाडाच्या शेवटी तर गावोगावच्या तहकुबीच्या, म्हणजे साऱ्याची वसुली पुढे ढकलल्याच्या, याद्याच याद्या आहेत.

तिसरी शंका अगदी लहान आहे. अहवालातील खर्चाच्या कोष्टकात ‘संकीर्ण’ या सदराच्या आकड्याशेजारी शिसपेनने बारीक अक्षरांत ‘ह. खा.’ असे लिहिले आहे. अक्षर पणजोबांचेच आहे. ‘ह.’ म्हणजे हिशेबात नेहमी येणारे ‘हस्ते’ असे मी धरले, पण मग ‘खा.’ कोण? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दप्तरवाचक (कळवा)

तुमच्या पहिल्या कोड्याचे उत्तर बहुधा सालातच आहे. छापील अहवालाच्या पहिल्या पानावर किंवा प्रस्तावनेत ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असा उल्लेख असतो. तो आधी पाहावा. तो १ एप्रिल १९१८ ते ३१ मार्च १९१९ असा असेल, तर तुमचे दोन कागद एकाच वर्षाचे नाहीत, फक्त दहा महिन्यांपुरते एकमेकांवर बसतात.

आपल्याकडचे फसली साल मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होते. म्हणूनच त्याला मृगसाल असेही म्हणत. फसली आकड्यात ५९० मिळवले की ते ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन निघतो. १३२८ अधिक ५९० म्हणजे १९१८, तेव्हा तुमचे बाड जून १९१८ ते मे १९१९ या काळाचे आहे. जुन्या कागदांत सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि या दोहोंची गल्लत करून नऊ वर्षे इकडेतिकडे गेलेले लेख मी छापून आलेले पाहिले आहेत.

आता या दोन महिन्यांनी एवढा फरक का पडावा, असे वाटेल. सारा बारा महिने सारखा गोळा होत नसे. खरिपाचे पीक हाती आल्यावर एक हप्ता आणि रब्बी निघाल्यावर दुसरा, अशी साधारण रीत होती. हप्त्यांच्या तारखा संस्थानागणिक बदलत, पण दुसऱ्या हप्त्याची वसुली एप्रिल-मेपर्यंत रेंगाळणे नेहमीचेच होते. तुमच्या अहवालात एप्रिल आणि मे १९१८ हे दोन महिने आले आहेत, म्हणजे १९१७ च्या भरपूर पावसाच्या वर्षाचा उरलेला सारा त्यात जमा धरला गेला. बाडात तोच पैसा फसली १३२७ मध्ये गेला असणार. उलट बाडात एप्रिल आणि मे १९१९ आहेत आणि १९१८ च्या पावसाने दगा दिल्यावर त्या दोन महिन्यांत वसूल काय व्हायचे? म्हणूनच अहवाल जास्त आणि बाड कमी. तुमच्या बाडात ‘सालमजकूर’ आणि ‘सालगुदस्त’ असे दोन शब्द वारंवार येत असतील. पहिला चालू सालासाठी, दुसरा मागील सालासाठी. मागील बाकीची वसुली वेगळ्या रकान्यात आहे का, तेही पाहावे.

ही अडचण फक्त लहान संस्थानांची नव्हती. बडोद्याचे कारभाराचे वर्ष १ ऑगस्टपासून ३१ जुलैपर्यंत चाले. ग्वाल्हेरचे अहवाल विक्रम संवताच्या आकड्याने निघत. निजामाच्या राज्यातही फसलीच होते, पण ते मृगावर नव्हे तर ऑक्टोबरात सुरू होई. तेथील १३३१ फसली म्हणजे ६ ऑक्टोबर १९२१ ते ५ ऑक्टोबर १९२२. माझे आजोळ बीड जिल्ह्यात असल्यामुळे एकाच नावाच्या या दोन सालांनी मला स्वतःला बरेच दिवस चकवले होते. त्यामुळे दोन संस्थानांची ‘त्याच वर्षाची’ तुलना करणारे कोष्टक कोणी समोर ठेवले, तर मी आधी महिने विचारतो.

खारेगावकर

एवढा खल कशासाठी? हे अहवाल म्हणजे साहेबाला दाखवण्यासाठी मांडलेली आरास होती. राजेसाहेबांची प्रकृती उत्तम, प्रजा संतुष्ट, पाऊस बेताचा, आणि दरबार सरकारशी एकनिष्ठ! दर वर्षी तेच वाक्य, फक्त साल बदलायचे. मोडी बाड खरे माना आणि छापील पुस्तक शोभेला ठेवा.

निवृत्त लेखापाल (ऐरोली)

खारेगावकरांचा राग समजतो, पण शोभेला ठेवण्याइतके ते पुस्तक निरुपयोगी नाही. मजकूर कौतुकाचा असला तरी कोष्टके सहसा बनावट नसत, कारण ती पुढच्या वर्षी ‘मागील वर्ष’ या रकान्यात पुन्हा छापावी लागत आणि वरच्या कचेरीतील कारकून दोन वर्षे ताडून पाहत असे. लपवालपवी झालीच तर ती आकडा बदलून नव्हे, आकडा कोणत्या सदराखाली घालायचा हे ठरवून होई. मी पस्तीस वर्षे सरकारी हिशेब तपासले आहेत. ही युक्ती संस्थानांबरोबर विलीन झाली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

नौपाडेकर, तुमची आकड्यांविषयीची दुसरी शंका, म्हणजे बाडातील जमा अहवालातील उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त कशी, ही खरे तर शब्दांची आहे. ‘जमा’ आणि ‘उत्पन्न’ हे एक नव्हेत. तिजोरीत जे जे आले ते सगळे किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, जमेच्या बाजूला चढते. त्यात आरंभीची शिल्लक असते; लोकांनी कोर्टात भरलेली किंवा ठेकेदारांनी ठेवलेली अनामत असते; कामासाठी नेलेल्या तसलमातीपैकी (आगाऊ उचलीपैकी) परत आलेली रक्कम असते; तगाईची, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या सरकारी कर्जाची, परतफेड असते; कर्ज काढले असेल तर तेही असते. यांतले काहीही संस्थानचे उत्पन्न नाही. उत्पन्न म्हणजे जमीनमहसूल, अबकारी, जंगल, स्टॅम्प, नोंदणी फी, दंड आणि असेच. तुमच्या बाडातील जमेची पाने घेऊन या अनुत्पन्न रकमा एका कागदावर वेगळ्या काढा आणि उरलेली बेरीज अहवालाशी ताडा. दुष्काळी वर्षात तगाई आणि तसलमात या दोन रकमा हमखास फुगतात, त्यामुळे निम्म्याचा फरक मला मुळीच अविश्वसनीय वाटत नाही.

तहकुबीच्या याद्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्या वर्षाचे खरे दुःख तेथेच आहे. पीक किती आले याचा अंदाज आण्यांत करत, त्याला आणेवारी म्हणतात, हे आजही शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांपर्यंतच असेल तर पूर्ण सारा तहकूब आणि चार ते सहा आण्यांच्या दरम्यान असेल तर निम्मा तहकूब, असा दंडक होता, आणि आजूबाजूची संस्थाने कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेने जात. पण तहकुबी म्हणजे माफी नव्हे. तहकूब रक्कम पुढील चांगल्या वर्षी चालू साऱ्याबरोबर वसूल करायची असते. बरीच वर्षे वसूल झाली नाही तरच ती ‘सूट’ या रकान्यात जाते. म्हणून एकच ओळ वाचून कोणताही निष्कर्ष काढू नये. समजा एका गावाची मागणी १०० रुपये आहे, ४० वसूल झाले, ५० तहकूब केले आणि १० राहिले. अहवाल म्हणेल की अनधिकृत बाकी फक्त १०, म्हणजे वसुली समाधानकारक! आकडा खरा आहे आणि गाव उपाशी आहे. तुमच्याकडे गाववार याद्या असतील तर त्याच गावांची फसली १३२९ आणि १३३० ची पाने मिळतात का पाहा; दरबाराने ते ५० पुढे माफ केले की दामटून घेतले, हे तिथे कळेल.

इन्फ्ल्यूएन्झाविषयी एवढेच सांगते की अहवालाच्या शेवटच्या भागात जन्ममृत्यूचे कोष्टक असेल, त्यात ‘ताप’ या सदरापुढील आकडा आधीच्या वर्षाशी ताडून पाहा. गावच्या पाटलाला रोगाचे नाव ठाऊक नव्हते. साथीतील मृत्यू त्याने तापातच लिहिले. दीड ओळीत जे सांगितले नाही, ते बहुधा त्या एका रकान्यात सापडेल. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ पेक्षा १९२१ च्या जनगणनेत कमी भरली, असे दुसऱ्या कोणत्याही दशकात झालेले नाही.

‘ह. खा.’ म्हणजे ‘हस्ते खासगी’ असू शकेल. खासगी म्हणजे राजघराण्याच्या खर्चाचे खाते. पण ते संकीर्ण सदरापाशी कशाला लिहिले असेल, हे मात्र सांगता येत नाही.

जव्हारचा भाचा (ठाणे)

वरील तिन्ही प्रतिसाद वाचले. हा अहवाल कोणासाठी लिहिला जाई, यावर मला थोडी भर घालायची आहे, आणि त्यासाठी ठाण्याहून लांब जायला नको. आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. ठाण्याचा कलेक्टर हाच जव्हारचा पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावर देखरेख ठेवणारा ब्रिटिश सरकारचा अधिकारी, असे. म्हणजे आपण ज्या गावात सात-बारासाठी रांगा लावतो, तेथल्याच कचेरीत एका राजाच्या वर्षभराच्या कारभाराची तपासणी होत होती. हीच व्यवस्था इतरत्रही होती: जंजिऱ्यासाठी कुलाब्याचा कलेक्टर, भोरसाठी पुण्याचा, औंध आणि फलटणसाठी साताऱ्याचा, अक्कलकोटसाठी सोलापूरचा. नौपाडेकरांचे संस्थान दक्षिणेकडील पटवर्धनी मुलखातील असेल तर कागद कोल्हापूरच्या एजंटाकडे गेले असतील.

मामलेदारांची कोष्टके दप्तरदाराकडे येत, तेथे ती एकत्र होत, कारभारी किंवा दिवाण त्यांवर इंग्रजी मजकूर चढवी, मग ते एजंटाकडे आणि एजंटाच्या शेऱ्यासह मुंबई सरकारकडे जाई. प्रकरणांचा क्रमही ब्रिटिश प्रांतांच्या अहवालांवरून घेतलेला असे: राजकीय, जमीन, पोलीस आणि न्याय, पीकपाणी आणि बांधकामे, जमाखर्च, आरोग्य, शिक्षण आणि शेवटी संकीर्ण. साचा इतरांनी ठरवलेला असल्यामुळे ज्या गोष्टीला साच्यात जागा नाही ती अहवालात दिसतच नाही. जव्हार हा डोंगराळ आणि जंगलाचा मुलूख, वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी आणि महादेव कोळी यांच्या वस्तीचा. लाकडाचे उत्पन्न किती आले याला रकाना होता. वेठीला किती माणसे किती दिवस राबली याला मी पाहिलेल्या कोणत्याही संस्थानी अहवालात रकाना आढळला नाही. शेजारच्या ब्रिटिश मुलखात, उंबरगाव आणि डहाणूकडे, १९४५ मध्ये वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. खारेगावकरांना मी एवढेच सुचवेन की अहवाल फेकू नये, त्यातील गैरहजेरी मोजावी.

आणि काही वेळा रकाना मुद्दाम निर्माणही केला जाई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम सर्वांना ठाऊक आहे: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. त्याच हुकुमाच्या शेवटी प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचे तिमाही पत्रक पाठवावे असे आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. माझ्या मते हुकुमाचा दात तेथेच होता. महाराज स्वतः त्या वेळी विलायतेत होते, पण कारकुनाला दर तीन महिन्यांनी आकडा भरावाच लागणार होता. औंधात पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना देऊन ७२ गावांचा कारभार लोकांकडे सोपवला, तेव्हा अंदाजपत्रक एजंटाच्या आधी लोकप्रतिनिधींपुढे जाऊ लागले. वार्षिक हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न तेथे उलटा फिरला.

शोधासाठी एक सूचना. तुमच्या अहवालावर मुंबई सरकारचा ठराव निघाला असेल. तो अनेकदा अहवालापेक्षा स्पष्ट असतो. मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पोलिटिकल खात्याच्या फायलींत पाहा. दक्षिणी संस्थानांचे बरेच कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही आहेत. १९३३ नंतरच्या वर्षांसाठी मात्र दिशा बदलते, कारण त्या वर्षी संस्थानांचा संबंध मुंबई सरकारकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारकडे नेला गेला. जव्हारचे कागद तेव्हापासून ठाण्याऐवजी बडोद्याच्या रेसिडेंटकडे जाऊ लागले, हे ठाऊक नसल्यामुळे मी स्वतः येथे दोन पावसाळे वाया घालवले.

नौपाडेकर (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे लागले, पण बराच उलगडा झाला.

अहवालाच्या प्रस्तावनेत १ एप्रिल ते ३१ मार्च असेच आहे. ते पान मी चित्राखालचे म्हणून आजवर वाचलेच नव्हते. बाडातील जमीनमहसुलाला महिनावार उतारा असल्यामुळे एप्रिल-मे १९१९ ची वसुली वजा करून पाहिली. ती खरोखरच नाममात्र आहे. फसली १३२७ चे बाड माझ्याजवळ नाही, पण सालगुदस्त बाकीची एक यादी मागे जोडलेली सापडली आणि तिच्या आधाराने फरकाचा मोठा हिस्सा भरून निघाला. ऐरोलीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे शिल्लक, अनामत, तसलमात आणि तगाई वेगळी काढली तेव्हा एकूण जमेचा फुगवटाही ओसरला. ‘ताप’ या सदराचा आकडा आदल्या वर्षाच्या जवळजवळ चौपट आहे. तो मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण माझ्या पणजीचे निधन त्याच वर्षी कार्तिकात झाले, एवढे घरात नेहमी सांगत असत. कशाने, ते कोणी सांगितले नव्हते.

आता शिसपेनचे कोडे. मोडी बाडात खासगी खात्याची पोटसदरे दिली आहेत: मुदपाक, देवघर, पागा, शिकारखाना आणि त्यांच्या खाली हत्तीखाना. संस्थानात हत्ती एकच होता. त्याचा चारा, माहुताचा पगार, तेल आणि दसऱ्याच्या झुलीची दुरुस्ती अशी सारी रक्कम बाडात खासगीकडे धरली आहे, आणि छापील अहवालातील खासगी खर्च बाडापेक्षा बरोबर तेवढ्याने कमी आहे. ती रक्कम अहवालात ‘संकीर्ण’ मध्ये जाऊन बसली आहे; खासगीचा आकडा एजंटाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून, असे वाटते. हत्तीखान्याचे वर्ष अहवालाच्या वर्षाशी कसे जुळले, या प्रश्नानेही मला एक दिवस अडवले होते. पण त्या खर्चाची नेमणूक वर्षाला ठरावीक होती, त्यामुळे महिन्यांचा फरक पडला नाही.

‘ह. खा.’ म्हणजे हत्तीखाना. पणजोबांनी त्यापुढे एक बरोबरची खूणही केलेली आहे, ती मी आजवर कागदावरचा डाग समजत होतो.